सुरंगी – मुलीचं नाव म्हणून कसं वाटेल?

खळ्यातली

मंडळी, मुलगी झाली. आज १९ दिवसांची आहे. माझं माहेर आरवलीजवळ, सासर रत्नागिरीच्या बाजूला. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा परसातली सुरंगी कळ्यांनी भरली होती. पहाटे चारला बाबा आणि शेजारचे काका बॅटरी घेऊन झाडावर, खाली आई आणि काकू जुनी लुगडी पसरून उभ्या. मला कळा सुरू झाल्या त्या अशाच एका पहाटे. सगळं टाकून बाबा गाडी काढायला धावले. दवाखान्यात आईच्या केसांत आदल्या दिवशीचा वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, होता आणि मला आठवतं ते एवढंच, की प्रत्येक कळेबरोबर तो वास जवळ यायचा, कारण आई वाकून माझा हात धरायची.

तेव्हापासून मनात एकच नाव आहे, सुरंगी. नवऱ्याला आवडलंय. सासूबाईंना अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, विहिरीला सुरुंग लावतात तसं वाटतं, शाळेत पोरं छळतील आणि असं नाव कुणी कधी ऐकलंय का? त्या वाईट नाहीत. माझं सगळं त्यांनीच केलंय, म्हणून नुसतं 'मी ठेवणारच' असं म्हणून मोकळं व्हायचं नाही मला. बारसं पाडव्यानंतरच्या रविवारी आहे.

नावाचा अर्थ, उगम कुणाला सांगता येईल का? आणि खरोखर या नावाची बाई तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?

रातांबा

अभिनंदन! शीर्षक वाचलं आणि इथे भांडुपमध्ये बसल्या जागी वास आला. ठेवाच.

सोलकढी

अभिनंदन. मी मूळची नगरची, त्यामुळे अडाणी प्रश्न विचारते. सुरंगी म्हणजे मोगऱ्यासारखी वेल असते का? फुलबाजारात कधी बघितल्याचं आठवत नाही.

कुळागर

@सोलकढी, वेल नाही, चांगलं मोठं झाड. सदाहरित, गर्द सावलीचं, पानं जाड, चामड्यासारखी. दक्षिण कोकणापासून गोवा, कारवार करत खाली केरळपर्यंत आढळतं. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला, आरवली-सोन्सुरे भागात ही झाडं बरीच आहेत.

या झाडाची मजा अशी की फुलं टोकाच्या कोवळ्या डहाळीवर येत नाहीत. जुन्या फांद्यांवर, जिथली पानं गळून गेलीत त्या पेरांतून, झुबक्याझुबक्यांनी फुटतात. उघडी फांदी फुलांनी अशी लिंपली जाते की खालची साल दिसत नाही. कळी गोल, वाटाण्यासारखी. उमलली की चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्याधमक केसरांचा गुच्छ. वळेसरात तो पिवळाच रंग वर येतो. उन्हं वर आली, फूल पुरतं उमललं, की पाकळ्या गळायला लागतात आणि मग ते ओवता येत नाही. म्हणून सगळी धावपळ पहाटेची. माघाच्या शेवटापासून चैत्रापर्यंत हा खेळ.

फूल सुकलं तरी वास जात नाही. आमच्याकडे सुकलेला वळेसर कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवतात आणि पुढच्या शिमग्यापर्यंत कपाट उघडलं की तो भेटतो. सुक्या कळ्या व्यापारी वजनावर घेतात. बाजारात त्यांना तांबडा नागकेशर म्हणतात. खरा नागकेशर तो नागचाफ्याचा, हा त्याचा भाऊबंद. पूर्वी रेशीम रंगवायलाही या कळ्या वापरत. उंडीसुद्धा याच कुळातली, जिच्या तेलावर आपल्या आज्यांनी दिवे लावले. काही ठिकाणी सुरंगीला 'गोडी उंडी' असंच म्हणतात.

फुलबाजारात न दिसण्याचं कारण सरळ आहे. दोनेक महिन्यांचा हंगाम, तोडायला जिवावर उदार होऊन चढणारा माणूस हवा आणि माल त्याच सकाळी शिरोडा, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या बाजारात संपतो. दादरला पोचायला उरतंच काय?

सोलकढी

बाप रे, एवढं? आता मला तो वास घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही.

शब्दवेडा

सुरुंगाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण सासूबाईंचा मुख्य आक्षेप तोच दिसतो.

भुयार या अर्थाचा 'सुरुंग' संस्कृत 'सुरुंगा'वरून आला. हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. पण तो मुळात आपला नाही. ग्रीक भाषेत पोकळ नळीला, बासरीला 'सिरिंक्स' म्हणत, तिथून तो आपल्याकडे आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. दवाखान्यातली सिरिंज त्याच घरातली. पोकळ नळी, मग पोकळ वाट म्हणजे भुयार, मग खडकात भोक पाडून दारू ठासायची तो सुरुंग.

सुरंगी हे फुलाचं नाव वेगळ्या वाटेनं आलेलं. कानडीत सुरगी, कोंकणीत सुरंगां, आपल्याकडे सुरंगी, असा किनाऱ्यावरच्या भाषांचा तो सामाईक शब्द. संस्कृतात याला सुरपुन्नाग म्हणतात. शास्त्रीय नाव 'मामिया सुरिगा'. यातलं सुरिगा हे सरळ कानडी बोलीतून उचललंय. कंपनी सरकारसाठी १८००-०१ साली म्हैसूर, कानडा, मलबार पालथा घालणाऱ्या बुकॅनन-हॅमिल्टनचं नाव त्याला जोडलेलं आहे. आणि 'मामिया' हा वेस्ट इंडीज बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द, तिकडच्या 'मामे' नावाच्या फळझाडाचा. म्हणजे तुमच्या लेकीचं आडनाव कारवारचं आणि पाळण्यातलं नाव थेट कॅरिबियनचं.

रातांबा

सासूबाईंना हे सगळं सांगू नका हो. ग्रीकपर्यंत पोचल्यावर त्या पाळणाच उचलतील.

भरतीओहोटी

शब्दवेडा, एवढं लांब कशाला जायचं? सु अधिक रंग, सुरंगी. चांगल्या रंगाची. सोपं, सुटसुटीत, पत्रिकेत छापता येईल असं.

शब्दवेडा

@भरतीओहोटी, व्युत्पत्ती म्हणून ओढून आणलेली वाटते. सुरंगीला कुणी रंगासाठी ओळखतं का? रंग तर शेवंतीलाही पिवळाच. सुरंगी म्हणजे वास. 'सुरंगी' म्हटल्यावर वेंगुर्ल्याचा माणूस डोळे मिटतो, उघडत नाही.

दर्यावर्दी

मी जहाजावर असतो. कोलंबो बंदरात आमचं काम बघणाऱ्या एजंटच्या ऑफिसात एक बाई होत्या, नाव सुरंगी. मी मालवणचा, नाव ऐकून चकितच झालो. विचारलं, फुलावरून का? त्यांना हे फूल माहीत नव्हतं. त्यांनी अर्थ सांगितला तो भरतीओहोटी म्हणतात तोच, चांगल्या रंगाची. तिकडे सिंहली लोकांत हे नाव सर्रास आहे. मुलीचं सुरंगी, मुलाचं सुरंगा. क्रिकेट बघणाऱ्यांना श्रीलंकेचा वेगवान गोलंदाज सुरंगा लकमल आठवत असेलच.

तेव्हा 'असं नाव कुणी कधी ऐकलंय का' याचं उत्तर असं, की समुद्रानं खाली गेलं तर हाकेला चारजणी ओ देतील. दुर्मिळ आहे ते आपल्याकडे, जिथे झाड आहे तिथेच.

खळ्यातली

@दर्यावर्दी, सुरंगा लकमल नवऱ्याला लगेच आठवला. आता तो म्हणतोय मुलगी गोलंदाज होणार. सगळ्यांचे खूप आभार, वाचते आहे. बाळ झोपलं की लिहीन.

पंचांगवाली

जन्माक्षर काय आलंय? 'सू' हे शततारकेच्या चौथ्या चरणाचं, रास कुंभ. तसं असेल तर सोन्याहून पिवळं.

खळ्यातली

@पंचांगवाली, 'थ' आलंय. उत्तराभाद्रपदा.

पंचांगवाली

मग प्रश्नच मिटला, कारण 'थ'वरून नाव ठेवायला निघालात तर मुलीचं लग्न होईपर्यंत शोधत बसाल. आपल्याकडे पूर्वीपासून जन्मनाव पत्रिकेत आणि हाकेचं नाव वेगळं, हीच रीत. माझ्या धाकट्याचं पत्रिकेतलं नाव 'झ'वरून आहे, ते भटजी आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही. खुशाल सुरंगी ठेवा.

तिसरीघंटा

थोडा विरोधी सूर लावतो. राग मानू नका.

नाव सुंदर आहे, फूल सुंदर आहे. पण मुलगी आरवलीतच राहणार का? उद्या शिक्षणाला पुण्याला, नोकरीला दिल्लीला गेली, की हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा. मी भोपाळला ११ वर्षं काढलीत. माझ्या नावात 'लिंग' आहे, शंकराचं अत्यंत पवित्र नाव आहे, आणि तिथे मी ते पूर्ण सांगायचं सोडून दिलं. नाव आईबाप एकदा ठेवतात, वागवायचं मुलाला जन्मभर. वर्गात हजेरी घेताना होणारी ती एक सेकंदाची शांतता ज्यानं सोसलीय त्यालाच कळतं. मधलं नाव म्हणून, घरातलं नाव म्हणून ठेवा. कागदावर काहीतरी सरळ असू दे.

रातांबा

यावर उत्तर नाही माझ्याकडे. पटतंही, आणि नाहीही.

आजीचाबटवा

तिसरीघंटा, तुमचा अनुभव खरा आहे, त्याला नाव ठेवणार नाही. पण छळणारी पोरं कुठल्याही नावाचं करतात हो. माझ्या वर्गात एक सरिता होती, साधं सरळ नाव, तिला सगळे 'पुरात वाहिली' म्हणायचे. मी २९ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ज्या मुलांना आपल्या नावाची गोष्ट माहीत असते ना, ती चिडवणाऱ्याला ती सांगून टाकतात आणि गप्प बसवतात. माझ्याकडे एक अबोली होती. कुणी म्हणालं 'बोलत का नाहीस', की ती म्हणायची, आमच्या दारात आहे, ये बघायला, तुला एक वेणी देते. चौथीपर्यंत अर्धा वर्ग तिच्या घरी जाऊन आला होता.

काठावरची

एक गोष्ट कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. माझं वय ७१. आमच्या तरुणपणी फुलांची नावं सगळ्या घरांत ठेवत नसत. शेवंता, चंपा, गुलाब ही नावं ऐकली की मोठी माणसं नाक मुरडायची, कारण तमाशात आणि गाण्याबजावण्यात असलेल्या बायकांची ती नावं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. घरंदाज मुलीचं नाव नदीचं किंवा देवीचं. गंगा, गोदावरी, यमुना, द्वारका, सत्यभामा, भागीरथी. सासूबाईंचा विरोध कदाचित तिथूनही येत असेल, त्यांना तसं बोलता येत नसेल म्हणून सुरुंग पुढे केला असेल.

चिरेबंदी

@काठावरची, हे खरं असलं तरी २०२० नंतरच्या बाळाला का लागू करायचं? त्या बायकांनी काय पाप केलं होतं? गोव्यात आणि इकडे तळकोकणात देवळांतलं गाणं ज्यांनी सांभाळलं त्याच या बायका. त्यांचं नाव मुलीला लागलं तर मला तरी मान वाटेल.

काठावरची

@चिरेबंदी, बाळा, मी काय घडत होतं ते सांगितलं, माझं मत नाही. माझं मत नंतर लिहीन, मला टंकायला वेळ लागतो.

सोलकढी

अवांतर, पण कोकणातली आणखी कुठली फुलं मुलींच्या नावात आलीत? अबोली, बकुळा, केतकी, प्राजक्ता माहीत आहेत. जाई-जुई तर घरोघरी.

कुळागर

अनंती ऐकलंय. सोनचाफ्यावरून चंपा आहेच. गंमत अशी की ताम्हण आपलं राज्यफूल, एवढं देखणं जांभळं फूल, पण ताम्हण नावाची मुलगी मी पाहिली नाही. पूजेच्या ताम्हनामुळे असेल. आणि केवडा मुलग्यालाही नाही आणि मुलीलाही नाही, केतकी मात्र चालते. नावाचं नशीब असतं.

भरतीओहोटी

लाडाचं नाव काय होईल? 'सुरू'? मग किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात हाक मारली तर अख्खं बन वळून बघेल.

रातांबा

रंगू! आमच्या पणजीचं होतं.

तांबडीमाती

बाय गो, इतको इचार कित्याक करतंस? आमच्या वाडीत एक म्हातारी होती, लहानथोर सगळी तिका सुरंगेआजी म्हणत. ह्या तिचा खरा नाव काय पडलेला, ता माका अजून ठावक नाय. तिच्या मांगराकडे सुरंगीचा झाड होता. शिमग्यात पालखी वाडीत येय तेव्हा पयलो वळेसार तिच्या हातचो, मग बाकीच्यांचो. आमी पोरां फुलां येचूक जाव, तर ती म्हणा, खाली पडलेली येचा, फांदी ओढू नका, पुढल्या वर्साक तुमीच येतलास. ती गेली त्या वर्सा झाडाक फुलां इली काय नाय ता बघूक कोण गेलोच नाय. आता थंय बंगलो आसा.

नाव ठेव. माका बरा वाटात.

कुळागर

तांबडीमातीनं दुखरी जागा दाबली. थोडं विषयांतर होतंय, पण लिहितोच.

सुरंगीचं झाड रोपापासून फुलावर यायला बरीच वर्षं घेतं. आंबा-काजूसारखं कलम लावून तिसऱ्या-चौथ्या वर्षी पैसे असा हिशोब इथे नाही. म्हणून नवीन कुणी लावत नाही. जुनी झाडं आहेत ती आजोबा-पणजोबांच्या हातची किंवा आपोआप उगवलेली. जमीन विकली, घर बांधलं, की पहिलं तेच जातं, कारण वर्षातले दहा महिने ते नुसतं काळोखी सावली देतं. त्यात फुलं काढताना घाईनं फांदीच तोडून खाली टाकायची सवय. जिथे फूल येतं ती जुनी फांदी, ती तोडली की पुढच्या हंगामाचं फूल कुठून येणार? झाडावर बसून हातानं खुडणारे आता थोडेच उरलेत. पहाटेच्या काळोखात दवानं ओल्या फांदीवर चढायचं, पडून जायबंदी झालेली माणसं आमच्या गावात आहेत. त्यांच्या पोरांना त्या झाडाकडे ढकलायचं कुठल्या तोंडानं?

चिरेबंदी

+१. वळेसर घेताना घासाघीस करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

तिसरीघंटा

कुळागर, छान लिहिलंत. माझा विरोध नावाला आहे, झाडाला नाही, हे नोंदवून ठेवतो.

सरकारीकागद

धागाकर्तीसाठी कामाची माहिती. नाव ठरेपर्यंत जन्मनोंद अडवून धरू नका. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे बाळाचं नाव न घालताही नोंद होते. १२ महिन्यांच्या आत नाव घालायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव बदलणं हे वेगळंच लचांड आहे, तेव्हा घरात एकमत करूनच जा.

दुसरं, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. सुरंगीच्या लगेच पुढे तुमचं नाव येणार. दोन्ही एकत्र मोठ्यानं म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते.

तिसरं, इंग्रजी स्पेलिंग. 'र'नंतर 'ए' घाला. तिथे चुकून 'यू' पडला तर सुरुंगीच होईल आणि सासूबाई जिंकतील. दाखला हातात घेतल्यावर खिडकीवरच अक्षर न् अक्षर वाचा.

काठावरची

माझं मत लिहिते म्हटलं होतं.

माझ्या आत्याचं नाव सुरंगी होतं. धाग्यात कुणी विचारलं तेव्हाच सांगणार होते, पण नीट मांडावं म्हणून थांबले.

ती जन्मली फाल्गुनात, माझ्या आजीनं नाव ठेवलं. शाळेत तिसरीपर्यंत गेली, हजेरीपटावर सुरंगी. पंधराव्या वर्षी लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, सुमती. तिच्या सासरी म्हणाले, फुलाचं नाव नको, सुकणाऱ्या वस्तूचं नाव घरात नको. त्या दिवसापासून ती सुमती. माहेरी आली की आजी तेवढी 'सुरंग्या' म्हणायची, तेही पडवीत नाही, आत चुलीपाशी. आजी गेल्यावर तेही बंद झालं. मी तिला जन्मभर सुमतीआत्या म्हणत आले. दुसरं नाव होतं हे मला माहीतही नव्हतं.

ती वारली १९९८ साली. नंतर आमच्या वडिलार्जित जमिनीचा प्रश्न निघाला. कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यात एक नाव होतं सुरंगी, पुढे वडिलांचं नाव. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, ही कोण? माझ्या थोरल्या चुलत्यांनी सांगितलं, अरे, ही आपली सुमती. मग सुरंगी आणि सुमती ही एकच बाई हे सिद्ध करता करता तिच्या मुलांचे दीडदोन वर्षं जोडे झिजले. कचेरीत म्हणायचे, पुरावा आणा. तिसरीपर्यंतच्या शाळेचा दाखला शोधला, तो वाळवीनं खाल्लेला. शेवटी प्रतिज्ञापत्रं झाली, गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या-अंगठे झाले आणि वारसनोंदीत लागलं, 'सुरंगी उर्फ सुमती'.

तो उतारा मी हातात घेतला तेव्हा मला रडू आलं. बाईनं अख्खा जन्म दुसऱ्याच नावानं काढला आणि तिचं आईनं ठेवलेलं नाव राहिलं कुठे, तर तलाठ्याच्या दप्तरात. तिच्या मुलांना आपल्या आईचं नाव कळलं ते ती गेल्यावर.

म्हणून मला वाटतं, ही नावं दिसत नाहीत याचा अर्थ ती नव्हती असा नाही. कोकणात किती सुरंग्या, किती बकुळा त्या तांदळाच्या ताटात पुसल्या गेल्या असतील. वर तांबडीमातीनं लिहिलेली सुरंगेआजी कदाचित उलट्या बाजूची असेल. कागदावर दुसरंच काही, आणि गावानं तिला तिचं नाव दिलेलं.

तुमचा प्रश्न होता, या नावाची बाई कुणाला माहीत आहे का. मला माहीत आहे.

रातांबा

काकू, काय लिहिलंत.

चिरेबंदी

माझे वरचे शब्द फार तावातावाचे होते. माफ करा. तुमचं वाचून आत्ताच आईला फोन केला. तिचंही लग्नात नाव बदललंय हे मला माहीत होतं, पण आधीचं काय होतं ते ३४ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोलकढी

@चिरेबंदी, काय होतं?

चिरेबंदी

आवडी. फोनवर सांगताना लाजली.

तिसरीघंटा

काठावरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कागदावर दुसरं आणि घरात हे, असं मीच सुचवलं होतं. तो सल्ला मागे घेतो. ठेवायचं तर कागदावरच ठेवा.

दर्यावर्दी

तिसरीघंटांना सलाम. मत बदलल्याचं असं उघड सांगणारे कमी.

खळ्यातली

उशीर झाला, बाळाला सर्दी होती, रात्री जागरणं चालू आहेत. आता बरी आहे.

काठावरचीकाकू, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बाळाला बघायला आल्या होत्या. मांडीवर ती, आणि त्या तिच्या टाळूला तेल चोपडत ऐकत होत्या. तांदळाच्या ताटापाशी आले तेव्हा हात थांबला. मग परत चोळायला लागल्या. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाल्या, 'माझ्या वेळी मी नाव वाचलंच नाही. वाचता येत नव्हतं. यांच्या बहिणीनं मोठ्यानं म्हटलं तेव्हा कळलं मला काय म्हणायचंय आता.'

मी विचारलं, आधी काय होतं? म्हणाल्या, राहू दे. रात्री जेवताना आपणहून सांगितलं. ते इथे लिहीत नाही, त्यांनी माझ्यापुरतं सांगितलंय.

सुरुंगाचं पुन्हा काही बोलल्या नाहीत. सकाळी निघताना बाबांना विचारलं, या झाडाच्या बिया रुजतात का, की रोप मिळतं कुठे? आमच्याकडे कातळ आहे, पण न्हाणीच्या सांडपाण्याला जागा आहे थोडी.

नाव ठरलं. सरकारीकागद, स्पेलिंग लिहून ठेवलंय, बाबा स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन वाचून घेणार आहेत. माझं नाव पुढे लावून म्हणून बघितलं, छान लागतं.

@कुळागर, रोपाचं काही सांगता येईल का?

कुळागर

सांगतो की. फळं पावसाच्या तोंडाला पिकून पडतात. झाडाखाली बघायला सांगा बाबांना. बी ताजीच पेरायची, वाळवून ठेवायची नाही. पिशवीत पालापाचोळ्याची माती, सावलीत. पहिली दोन वर्षं कडक उन्हापासून जपा. कातळावर लावायचं तर खड्डा मोठा घ्या आणि बाहेरची माती भरा, सांडपाण्याची जागा उत्तम. एकच लावू नका, तीन-चार लावा, एखादं जगेल. आमच्याकडे आपोआप उगवलेली दोन रोपं आहेत गुडघ्याएवढी, बारशापर्यंत हवी असतील तर वेंगुर्ला स्टँडवर आणून देतो. मातीच्या गड्ड्यासकट काढावी लागतील, त्यामुळे गाडी घेऊन या.

तांबडीमाती

आणि गाडयेत आडवी घालू नकात. उभी धरून न्हेवा.